न बघता बांधलेले १८० मैल

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅगझीन कमिटीतल्या सीनियरने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेत 'पावसाळ्यातील एक दिवस'. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. (हा वाक्प्रचार बरोबर वापरला ना? आजीला फोन करून विचारला आहे.)

तर, टी.ई. सिव्हिलच्या मंडळींना आठवत असेल, हायवेच्या विषयात पहिलंच प्रकरण असतं रस्त्यांच्या इतिहासाचं. रोमन रस्ते, मग फ्रान्सचा ट्रेसाग्वे, मग मेटकाफ, मग टेलफर्ड आणि शेवटी मॅकॅडम. परीक्षेत येतात ते टेलफर्ड आणि मॅकॅडम, दोघांचे क्रॉस-सेक्शन काढा, फरक लिहा, सहा मार्क. मेटकाफवर कधीच प्रश्न येत नाही. पुस्तकात त्याच्यावर जेमतेम चार ओळी आहेत. इंग्लंडमध्ये त्याने सुमारे २९० किलोमीटर रस्ते बांधले, आणि तो अंध असल्यामुळे त्याच्या कामाची फारशी नोंद राहिली नाही.

लायब्ररीत ते वाचत होते तेव्हा शेजारची मैत्रीण पान उलटायला निघाली. मी तिचा हात धरला. अंध? आणि रस्ते बांधले?

मी का थांबले ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल. मला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, त्यामुळे रातांधळेपणा येतो. मग कडेचं दिसणं कमी होत जातं आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. माझ्याकडे सध्या सुमारे ३० अंश उरले आहेत. फळ्यावरचं दिसतं, पुस्तक दिसतं, म्हणून कोणाला कळत नाही. संध्याकाळी चहाला न येणारी शिष्ट मुलगी, एवढीच माझी ख्याती! गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या वाटेवर केबलसाठी चर खणून ठेवला होता. कडेला फीत नाही, दिवा नाही. मी सरळ आत. गुडघ्याला सात टाके पडले आणि मी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. सर्व्हे कॅम्पला सूर्य कलला की लेव्हलिंग स्टाफचं रीडिंग मला लागायचं नाही, तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून बसून राहायची. त्या दिवसांत ब्रँच बदलता येईल का, नाहीतर सरळ घरी जावं का, याची चौकशीही मी गुपचूप करून आले होते.

आणि पुस्तकात या चार ओळी. मग मी जे मिळेल ते वाचून काढलं. आपल्या परीक्षेच्या दृष्टीने शून्य उपयोग, पण ऐका.

जॉन मेटकाफ, लोकांच्या तोंडी 'नेअर्सबरोचा आंधळा जॅक'. (अहो-जाहो करायला हवं खरं तर, पण इतके दिवस डोक्यात घेऊन फिरतेय की तो आता 'जॅक'च झाला आहे.) जन्म १५ ऑगस्ट १७१७, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, निड नदीच्या काठावरच्या नेअर्सबरो गावात. घर गरिबाचं, कष्टकऱ्याचं. सहाव्या वर्षी त्याला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. देवीची लस निघायला तेव्हा अजून ७० वर्षं होती.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो यानंतरचा भाग. आजारातून उठल्यावर सहा महिन्यांत हा मुलगा घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊन परत यायला लागला. तीन वर्षांत गावात कुठेही निरोप घेऊन जाऊ शकत होता. त्याला कोणी शिकवलं नाही, कारण शिकवणारं कोणी अस्तित्वातच नव्हतं. घरच्यांनी कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही, एवढीच त्यांची मदत. पण ती केवढी मोठी हे मला विचारा. माझी आई मी दहा मिनिटं उशिरा आले तरी गेटवर उभी असते. जॅक मात्र झाडांवर चढून पक्ष्यांची घरटी काढत होता, दुसऱ्यांच्या बागांतली फळं चोरत होता. एकदा बाप मारायला येतोय म्हणून पळाला आणि खडीच्या खोल खाणीत पडला, गालावर मोठी जखम झाली. (हे वाचलं आणि माझ्या चराची आठवण झाली. फरक एवढाच की तो दुसऱ्या दिवशी परत बाहेर पडला. मी तीन आठवडे सूर्यास्तानंतर खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही.)

पोहायला शिकला तो असा की निड नदीत बुडालेल्या वस्तू वर काढायला लोक त्यालाच बोलवायचे. घोड्यावर बसायला शिकला, शिकारी कुत्र्यांच्या मागे दौडायला लागला. पत्ते खेळायचा. आणि पोटापाण्यासाठी फिडल वाजवायला शिकला, कारण त्या काळी अंध मुलाला वाद्य हाच काय तो धंदा. १७३२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शेजारच्या हॅरोगेटमधल्या 'क्वीन्स हेड' या सराईत त्याला वादकाची नोकरी लागली. हॅरोगेटला औषधी पाण्याच्या झऱ्यांमुळे श्रीमंत लोक यायचे, नाच-गाणी चालायची. जॅकचं बस्तान बसलं.

इथे घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट आलीच पाहिजे. जॅकने पैज लावली की तो स्वतःच्या घोड्यावर बसून शर्यत जिंकेल. मार्ग गोल, एक मैलाचा, खांब रोवून आखलेला. तीन फेऱ्या मारायच्या. लोकांनी खुशीने त्याच्याविरुद्ध पैसे लावले. आंधळा माणूस सरळ पळेल एक वेळ, वळणार कुठून? जॅकने सरायांमधून जेवणाच्या घंटा गोळा केल्या आणि प्रत्येक खांबापाशी एक माणूस घंटा घेऊन उभा केला. घंटा वाजली की वळायचं. जिंकला! आमचे इन्स्ट्रुमेंटेशनवाले याला सेन्सर नेटवर्क म्हणतील.

दुसरी गोष्ट रात्रीची. यॉर्कमध्ये एका गृहस्थाला हॅरोगेटला जायचं होतं आणि वाट माहीत नव्हती. जॅक वाटाड्या म्हणून घोड्यावर पुढे झाला. तो अंध आहे हे गृहस्थाला कोणी सांगितलं नाही आणि जॅकही अर्थातच बोलला नाही. अंधार पडला. माळावरून जाताना गृहस्थाने विचारलं की तिकडे उजेड दिसतो तो कसला. आता आली का पंचाईत! त्या भागात दलदलीवर कधीकधी भुताचे दिवे चमकतात हे जॅकला ठाऊक होतं. त्याने उलट प्रश्न केला की दिवे दोन दिसतात का, एक डावीकडे, एक उजवीकडे? गृहस्थ म्हणाला, नाही, एकच, उजवीकडे. मग ते हॅरोगेट, असं जॅकने सांगून टाकलं. सराईत पोचल्यावर खरं कळलं तेव्हा त्या गृहस्थाला घामच फुटला असणार. मला यात जॅकचा आगाऊपणा तर दिसतोच, पण आणखी एक गोष्ट दिसते. दुसऱ्याचे डोळे कसे वापरायचे हे त्याला कळत होतं. काय विचारायचं ते माहीत असलं की अर्ध्या माहितीवर पुरी दिशा लागते. मी मात्र अजूनही कोणाला विचारायला लाजते.

लंडन ते हॅरोगेट पायी येण्याचा किस्सा तर इंजिनियरांनी मुद्दाम वाचावा. जॅक समुद्रमार्गे लंडनला गेला होता. तिथे ओळखीचे कर्नल लिडेल भेटले. ते हॅरोगेटला निघाले होते, बग्गीत जागा देतो म्हणाले. जॅकने नम्रपणे नकार दिला, पायी लवकर पोचेन म्हणून. अंतर सुमारे २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटर, आणि त्या रस्त्याने तो आधी कधीच चाललेला नव्हता. हातात फक्त लांब काठी. वाटेत बिगल्सवेडला पुराच्या पाण्यामुळे त्याला एका माणसाची मदत घ्यावी लागली. कर्नलच्या आधी पोचला कोण? जॅक! आता यात चालणाऱ्याचं कौतुक किती आणि रस्त्याची लाज किती? चिखल आणि चाकोऱ्यांतून बग्गी खेचत नेण्यापेक्षा काठी टेकत चालणारा अंध माणूस वेगाने जात होता, असे तेव्हाचे इंग्लंडचे मुख्य रस्ते होते. मला वाटतं हे त्याच्या डोक्यात कुठेतरी बसलं असावं. पुरावा नाही, माझा आपला अंदाज.

तो संत नव्हता हेही लिहायला हवं. स्टाफ अॅडव्हायझर मॅडम हा परिच्छेद कापतील की काय माहीत नाही. विशीत एक मुलगी त्याच्यापासून गरोदर राहिली आणि तिच्याशी लग्न न करता हा गाव सोडून पळाला. मनात होती डॉरोथी बेन्सन, हॅरोगेटच्या 'ग्रॅन्बी' सराईच्या मालकाची मुलगी. काही काळाने डॉरोथीचं दुसऱ्याशी लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा हा परत आला आणि लग्नाच्या आदल्या रात्री दोघं पळून गेली. त्यांचा संसार चांगला झाला, चार मुलं झाली. पण त्या पहिल्या मुलीचं पुढे काय झालं याची कोणाला पडलेली दिसत नाही. अंध लोकांची चरित्रं लिहिणारे त्यांना एकतर बिचारे करतात नाहीतर देव. जॅक दोन्ही नव्हता.

मधली वर्षं भराभर सांगते. १७४५ मध्ये स्कॉटलंडकडून जॅकोबाइटांचं बंड झालं तेव्हा हा कॅप्टन थॉर्नटनच्या पलटणीत सामील झाला, सैनिक गोळा केले, फिडल वाजवली, फॉलकर्क आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईपर्यंत सैन्यासोबत गेला. परत येऊन घोड्यांचा व्यापार केला, मोज्यांचा केला, समुद्रकिनाऱ्यावरून मासे आणून लीड्स-मँचेस्टरला विकले. १७५४ मध्ये यॉर्क ते नेअर्सबरो मालगाडी सुरू केली, घोड्यांची. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात एकदा, आणि हाकणारा स्वतः जॅक. म्हणजे रस्ते बांधायला लागण्यापूर्वी तीस-एक वर्षं तो पायी, घोड्यावर आणि गाडीतून याच खराब रस्त्यांचा अभ्यास करत होता. कुठे चाक रुततं, कुठे पाणी साचतं, कुठला चढ घोड्याला झेपत नाही. आपण सहा महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये हायवे शिकतो!

१७६५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्या भागात टोल घेऊन रस्ते बांधायला टर्नपाइक ट्रस्टला परवानगी दिली. अनुभवी माणसं नव्हतीच. ४८ वर्षांच्या जॅकने हॅरोगेट–बरोब्रिज रस्त्यातला मिनस्किप ते फेरेन्सबी हा तीन मैलांचा तुकडा मागितला, आणि त्याला मिळाला. खडीच्या खाणीपाशी तात्पुरतं घर उभारलं, घोडे तिथेच ठेवले, मजुरांचं खाणं-पिणं जागेवर केलं, आणि काम पुरं केलं. तेव्हा मॅकॅडम आणि टेलफर्ड ही आठ-नऊ वर्षांची पोरं होती.

त्याचा सर्व्हे कसा चालायचा? एकटा. हातात लांब काठी घेऊन तो डोंगर चढायचा, दऱ्या उतरायचा, काठीने जमीन ठोकून, पायाखाली दाबून बघायचा. मँचेस्टरच्या डॉ. ब्यू यांनी त्याला असं फिरताना प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि तिथल्या विद्वत्सभेत १७८२ मध्ये त्यावर निबंध वाचला. मोजमापं आणि हिशेब तो डोक्यात करायचा, स्वतःच्या काहीतरी पद्धतीने, जी दुसऱ्याला समजावून सांगता यायची नाही. आमच्या कॅल्क्युलेशन शीटला 'स्टेप्स दाखवा' म्हणून मार्क कापतात, जॅक नक्की नापास झाला असता.

एकदा नेअर्सबरो–हॅरोगेटच्या दरम्यान काही जणांबरोबर चालताना तो मध्येच थांबला. इथली जमीन वेगळी लागतेय, खणा, म्हणाला. फूटभर खाली जुना फरसबंद रस्ता निघाला, रोमनांच्या काळचा म्हणतात. बरोबरचे सगळे डोळस त्यावरूनच चालत होते. ते दगड नव्या रस्त्याला कामी आले.

आता दलदल. हडर्सफील्डहून मँचेस्टरकडे जाणारा रस्ता पेनाइन डोंगरांमधल्या पूल हिल आणि स्टँडेजच्या पाणथळ माळावरून न्यायचा होता. ट्रस्टच्या सर्व्हेयरचं म्हणणं, सगळा चिखल उपसा, खाली कठीण थर लागेपर्यंत. जॅकने हिशेब मांडला की नऊ फूट खोल चर होईल, खर्च अफाट, आणि हिवाळ्यात बर्फाने तो भरून जाईल. त्याने दुसरा उपाय सांगितला. कोणी मानेना. तेव्हा त्याने जबाबदारी अंगावर घेतली, माझी पद्धत फसली तर तुमच्या पद्धतीने स्वतःच्या खर्चाने करून देईन म्हणून.

मग त्याने माळावरची हेदर आणि गॉर्सची झुडपं तोडून घट्ट मोळ्या बांधायला लावल्या. मोळ्यांचा एक थर रस्त्याच्या दिशेने, त्यावर दुसरा आडवा, दाबून बसवलेला, वर दगड आणि खडी. तरंगणारा तराफाच म्हणा. भार एका जागी न पडता पसरतो, मऊ जमिनीत खचत नाही. आज आपण मऊ सबग्रेडवर जिओटेक्स्टाइल अंथरतो त्यामागे भार पसरवायचा हाच विचार आहे. दगडांनी भरलेली पहिली गाडी त्यावरून जायची होती तेव्हा लोक गाडी, घोडे, सगळं बुडताना बघायला जमले होते. गाडी पलीकडे गेली. मजुरांनी आरोळ्या ठोकल्या. आणि तो तुकडा जवळजवळ बारा वर्षं दुरुस्तीशिवाय टिकला. आपल्याकडे पहिल्या पावसात काय होतं ते मी लिहीत नाही, पी.डब्ल्यू.डी.त नोकरी हवी असणारे खूप मित्र आहेत.

बाकी ठिकाणी त्याची पद्धत सरळ होती. पाया भक्कम, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मध्ये फुगीर, दोन्ही कडांना गटार. पाणी रस्त्यावर थांबताच कामा नये. आपण ज्याला कॅम्बर म्हणतो ते त्याने पायाने शिकून घेतलं होतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला रस्ता वरून दिसतो, याला तो खालून कळत होता असं मला राहून राहून वाटतं. यॉर्कशायर, लँकेशायर, चेशायर, डर्बीशायर मिळून सुमारे १८० मैल रस्ते आणि वाटेतले कितीतरी पूल. एका वेळी चारशेपर्यंत माणसं त्याच्या हाताखाली होती.

१७७८ मध्ये डॉरोथी वारली. पुढे कालव्यांची कामं निघाली, मजुरी वाढली, शेवटच्या कंत्राटात पदरचे पैसे गेले. १७९२ मध्ये, ७५ व्या वर्षी, त्याने काम थांबवलं आणि स्पॉफर्थला मुलीकडे राहायला गेला. ७७ व्या वर्षी काठी घेऊन यॉर्कपर्यंत चालत गेला आणि एका प्रकाशकाला आपली सगळी जन्मकथा सांगितली. पुस्तक १७९५ मध्ये छापलं गेलं. आपल्याला त्याच्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ त्यामुळेच. म्हणजे 'अंध असल्यामुळे नोंद राहिली नाही' हे आपल्या पुस्तकातलं वाक्य अर्धंच खरं आहे. नोंद करायला तो स्वतः चालत गेला होता.

२६ एप्रिल १८१० ला तो वारला, वय ९२. स्पॉफर्थच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. नेअर्सबरोच्या बाजारचौकात २००९ पासून त्याचा काशाचा पुतळा आहे. बाकावर बसलेला जॅक, जवळ अंतर मोजायचं चाक. बाकावर शेजारी जागा आहे, लोक बसून फोटो काढतात.

जॅकने जे पडत-झडत शोधलं ते आता रीतसर शिकवतात. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेतल्या व्हॅली फोर्जच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये लांब काठीची पद्धत बसवली. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच. खांद्याच्या रुंदीएवढी डावी-उजवीकडे फिरवायची. उजवं पाऊल पुढे जाताना टोक डावीकडे टेकलेलं, डावं जाताना उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात माझं पाऊल आणि टोक एकाच बाजूला जायचं आणि शिकवणारे सर म्हणायचे, पुन्हा. ते दर रविवारी मला डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतात. आधी गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. मागच्या महिन्यात मी एकटी सिग्नल ओलांडला, गाड्या थांबल्याचा आवाज ऐकून, आणि पलीकडे जाऊन रडले. काठी घडीची आहे, पांढरी, टोकाला लाल पट्टा. आठ महिने ती बॅगेत ड्राफ्टरच्या खाली पडून होती. कॅम्पसमध्ये एकदाही उघडली नव्हती.

अंक तुमच्या हातात येईल तेव्हा पुढची सेमिस्टर सुरू झालेली असेल. ब्रँच मी बदललेली नाही. सर्व्हेच्या सरांना सगळं सांगितलं, ते म्हणाले प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला कर. संध्याकाळी साडेसातला मेसच्या रस्त्यावर टक-टक आवाज ऐकू आला तर ती मी. मागून येऊन एकदम दंड धरू नका, दचकायला होतं. आधी नावाने हाक मारा, मदत हवी का विचारा, आणि हवी म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा, मी धरीन. आणि कुठे नवीन खड्डा खणलेला दिसला तर मला जेवणाआधी सांगा.

— टी.ई. सिव्हिल, लेडीज हॉस्टेल